शोकनायकाचा परिचय : राघोबादादांची नावे आणि मराठी ऐतिहासिक नाटक

१

नाशिकहून येवल्याच्या वाटेने पूर्वेकडे निघाले म्हणजे निफाड मागे टाकल्यावर विंचूर लागते. लासलगावच्या दक्षिणेस वसलेले हे गाव पेशवाईतील एका नामांकित सरदार घराण्याच्या जहागिरीचे ठिकाण होय. या घराण्याला नावलौकिक मिळवून देणारे विठ्ठल शिवदेव उत्तरेतील मोहिमांत पराक्रम करून पुढे आले. १७६१ च्या जानेवारीत ते पानिपतच्या रणांगणावर होते. त्यानंतर पेशव्यांच्या घरात चुलत्या-पुतण्यांचा कलह पेटला, तेव्हा रघुनाथरावांच्या पक्षाचे सरदार म्हणून त्यांची गणना होत असे. विंचूर हा मध्यबिंदू धरून आसमंताचा नकाशा पाहिला, तर रघुनाथरावांच्या आयुष्यातील कित्येक स्थळे त्याच्या भोवतीच आढळतात. पश्चिमेस गोदावरीच्या काठी, नाशिकला लागून, आनंदवल्ली आहे. तेथे त्यांचा वाडा होता आणि तेथेच १७९४ मध्ये आनंदीबाई वारल्या. वायव्येस धोडपचा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी १७६८ च्या जून महिन्यात पुतण्याने चुलत्याचा पराभव केला. आग्नेयेस येवल्याच्या पलीकडे कोपरगाव आहे. ११ डिसेंबर १७८३ रोजी रघुनाथरावांनी तेथे देह ठेवला.

पुण्याच्या शनिवारवाड्यात घडलेल्या एका घटनेमुळे ज्यांचे नाव मराठी मनात कायमचे कोरले गेले, त्या पुरुषाच्या आयुष्याचा बराचसा भाग या गोदाकाठच्या मुलखाशी निगडित होता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. याचे एक कारण रंगभूमी हे आहे. रघुनाथराव मराठी प्रेक्षकांस भेटले ते मुख्यतः नाटकातून. आणि नाटकातला त्यांचा परिचय ३० ऑगस्ट १७७३ या दिवसाच्या छायेत होतो. तेव्हा असा प्रश्न उभा राहतो की, ज्याचा शेवट प्रेक्षकांना आधीच ठाऊक आहे आणि ज्याच्यावरील आरोप घरोघर म्हणीच्या रूपाने बोलला जातो, अशा पुरुषाचा शोकनायक म्हणून परिचय नाट्यकाराने करून द्यावयाचा कसा? प्रस्तुत विवेचनाचा विषय हा आहे. त्याचे उत्तर शोधताना घटनांच्या बरोबरीने शब्दांकडे, विशेषतः माणसाला हाक मारण्याच्या शब्दांकडे, पाहावे लागते.

२

नायकाचा परिचय ही नाट्यशास्त्रातील जुनी चिंता आहे. संस्कृत परंपरेत असा संकेत होता की, ज्याची सूचना आधी झालेली नाही अशा पात्राचा प्रवेश होऊ नये. सूत्रधार, प्रस्तावना, विष्कंभक, नेपथ्यातून येणारा शब्द या सर्व योजनांचा एक हेतू हाच की, पात्र डोळ्यांना दिसण्यापूर्वी ते कानांवर पडावे. नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार शास्त्रकारांनी कल्पिले. परंतु स्वतःच्या दोषामुळे ऱ्हास पावणारा आणि तरीही सहानुभूतीस पात्र ठरणारा नायक त्यांत बसत नाही. नायकाचा वध दाखवू नये असाही दंडक होता. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले, तेव्हा नायकाच्या मृत्यूने संपणारी ऐतिहासिक कथा त्यांनी मराठी नाटकात आणली. तरीही ते नाटक करुण आहे, शोकात्म नव्हे, असा भेद येथे करणे अवश्य आहे. थोरले माधवराव क्षयाने गेले. त्यांच्या चारित्र्यात त्या मृत्यूचे बीज नव्हते. सद्गुणी पुरुष अकाली गेला, याचे दुःख प्रेक्षकाला होते. त्या पुरुषाने काय केले असता हे टळले असते, हा प्रश्न त्याला पडत नाही.

अॅरिस्टॉटलने शोकनायकाचे लक्षण सांगताना दोन टोके वगळली. अगदी निर्दोष पुरुषाचा नाश पाहून मनाला धक्का बसतो, अगदी दुष्टाचा नाश पाहून समाधान वाटते. शोकनाट्याला हवा असतो तो या दोहोंमधला, मोठ्या योग्यतेचा परंतु एखाद्या प्रमादाने खाली येणारा माणूस. या लक्षणातून परिचयाचा नियम आपोआप निघतो. नायक खाली यावयाचा असेल, तर आधी त्याची उंची प्रेक्षकाला दिसली पाहिजे. आणि ज्या फटीतून नाश शिरणार आहे, ती फटही त्याच वेळी ओझरती दिसली पाहिजे.

शेक्सपिअरच्या दोन नाटकांत हा नियम नावांच्या साहाय्याने पाळलेला आढळतो. ‘मॅकबेथ’मध्ये नायकाचे नाव प्रथम चेटकिणींच्या तोंडून ऐकू येते. लगेच पुढच्या प्रवेशात रणांगणावरून आलेला एक जखमी सैनिक त्याच्या शौर्याचे वर्णन करतो आणि शूर हे विशेषण त्या पुरुषाला शोभते असे मुद्दाम सांगतो. राजा प्रसन्न होऊन एका फितुराची काढून घेतलेली पदवी त्याला देतो. नायक अजून रंगमंचावर आलेला नाही. परंतु त्याचे नाव, त्याचे विशेषण आणि दुसऱ्या एका द्रोह्याची पदवी ही तिन्ही त्याच्या आधी येऊन पोहोचली आहेत. नाटक उतरणीला लागल्यावर त्याचे नाव उच्चारण्याचेही लोक टाळू लागतात आणि त्याऐवजी जुलमी या अर्थाचा शब्द वापरतात. ‘ऑथेल्लो’मध्ये याच्या उलट योजना आहे. पहिल्या प्रवेशात नायकाविषयी पुष्कळ बोलले जाते, पण त्याचे नाव एकदाही घेतले जात नाही. त्याच्या जातीचा वाचक असलेला शब्द आणि काही हेटाळणीचे उद्गार एवढ्यावरच त्याचे शत्रू भागवितात. ते नाव प्रथम उच्चारले जाते भर राजसभेत, राज्याच्या प्रमुखाकडून, आणि तेही गौरवाच्या विशेषणासह. एका नाटकात नाव आधी उजळते व मग काळवंडते. दुसऱ्यात ते आधी झाकलेले असते व मग उजळते. कोणी कोणते नाव कोणत्या क्रमाने घ्यावे, हाच दोन्ही ठिकाणी नायकाच्या परिचयाचा कणा आहे.

ही नाटके मराठी रंगभूमीला परकी राहिली नव्हती. गोविंद बल्लाळ देवलांचा ‘झुंझारराव’ हा ‘ऑथेल्लो’चा अवतार १८९० मधला आणि शिवराम महादेव परांजपे यांचा ‘मानाजीराव’ हा ‘मॅकबेथ’चा अवतार १८९८ मधला. परंतु या रूपांतरांतील नायकाचा पूर्वपरिचय मराठी प्रेक्षकाला नव्हता. झुंझाररावाला पुण्यातील किंवा सांगलीतील प्रेक्षक नाट्यगृहातच प्रथम भेटत असे. राघोबादादांची गोष्ट याहून सर्वस्वी वेगळी होती.

३

बाजीराव आणि काशीबाई यांचे पुत्र रघुनाथराव यांचा जन्म १७३४ मध्ये झाला. त्यांच्या नावांचा इतिहास पाहिला म्हणजे त्यांच्या आयुष्याचा आलेखच समोर येतो.

औपचारिक लेखनात ते रघुनाथ बाजीराव. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची ही पद्धत पेशव्यांच्या घराण्यात रूढ होती. बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ ही नावे याच घडणीची. असे नाव माणसाला वंशात बसविते, त्याच्याविषयी मत देत नाही.

घरात आणि दरबारात ते दादासाहेब. येथे पेशवेकालीन मराठीची एक विलक्षण लकब लक्षात घ्यावयास हवी. नाना, भाऊ, दादा, बापू, आबा, काका हे सारे शब्द मुळात नात्याचे किंवा घरगुती वडीलकीचे. पेशवाईत हेच शब्द राज्यकर्त्यांची नावे होऊन बसले. नानासाहेब, भाऊसाहेब, दादासाहेब हे पेशव्यांच्या घरातले; सखारामबापू आणि नाना फडणीस हे मुत्सद्दी. राज्याचा कारभार ज्या शब्दांनी चाले, त्याच शब्दांनी घरातली पंगतही चाले. दादांनी बापूंना विचारले किंवा नानांनी दादांना अडविले, या वाक्यांचा अर्थ घरगुती घ्यावा की राजकीय, हे वाक्यावरून ठरत नाही. सत्तेची भांडणे येथे नात्याच्या भाषेतच बोलली जात, कारण त्यांना दुसरी भाषाच उपलब्ध नव्हती.

तिसरे नाव राघोबा. रघुनाथ अथवा राघव याचे लघुरूप राघो आणि त्याला बा हा प्रत्यय. विठोबा, ज्ञानोबा, तुकोबा यांत तोच प्रत्यय आहे. त्यात आदर आहे, पण दरबाराचे अंतर नाही. ते लोकांनी दिलेले, सलगीचे नाव आहे. मुंबईकर इंग्रजांनी आपल्या कागदांत हेच नाव उचलले. मात्र तेथे सलगी आणि आदर दोन्ही गळून केवळ एका आश्रिताची खूण उरली.

चौथे नाव राघोभरारी. हे कमावलेले नाव आहे. १७५७ मध्ये रघुनाथराव मल्हारराव होळकरांसह दिल्लीवर चालून गेले. विठ्ठल शिवदेव विंचूरकर या मोहिमेत त्यांच्याबरोबर होते. दिल्ली हाती आल्यावर फौजा पंजाबात उतरल्या आणि १७५८ च्या एप्रिलमध्ये मराठे लाहोरास पोहोचले. रघुनाथराव स्वतः लाहोराहून माघारी वळले, पण मराठ्यांची पथके सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेली. पुण्याहून इतक्या दूर मराठ्यांचे निशाण त्यापूर्वी गेले नव्हते. या मोहिमेला दुसरी बाजूही होती. रघुनाथराव परतले ते खजिना घेऊन नव्हे, तर मोठे कर्ज घेऊन. पुण्यातील हिशेबी कारभाऱ्यांना ते खपले नाही. आणि १७६० मध्ये उत्तरेच्या मोहिमेचे सेनापतित्व सदाशिवरावभाऊंकडे गेले. भरारी या शब्दात या पुरुषाचा गुण आणि दोष दोन्ही आहेत. तो झेप घेतो. जिथे झेप घेतली तिथे ठाण मांडणे त्याच्या स्वभावात नाही. शोकनायकाचे लक्षण याहून थोडक्यात सांगता येणे कठीण.

पाचवे नाव काका. हे नाव दोन पुतण्यांनी वापरले आणि त्या दोन वापरांत अकरा वर्षांचे अंतर आहे. १७६१ मध्ये नानासाहेब वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. १७६२ मध्ये चुलत्या-पुतण्यांत तंटा होऊन लढाई झाली. नोव्हेंबरात आळेगाव येथे माधवराव स्वतः होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, राक्षसभुवन येथे दोघे मिळून निजामाशी लढले आणि जिंकले. पण १७६८ मध्ये धोडपला पुन्हा शस्त्रे उपसली गेली आणि पराभूत चुलता शनिवारवाड्यात नजरकैदेत आला. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांचा अंत झाला; जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या भावाला, नारायणरावाला, याच चुलत्याच्या हाती सोपविले. नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, अठरा वर्षांचे नारायणराव गारद्यांच्या तलवारींपुढे धावत येऊन चुलत्याच्या गळ्यात पडले, अशी कथा आहे. त्या वेळी त्यांनी मारलेली हाक परंपरेने जपून ठेवली आहे. तीत श्रीमंत नाही, दादासाहेब नाही. केवळ काका आहे. दरबारी नात्याचा सारा साज गळून मूळचे रक्ताचे नाते उघडे पडते, तो हा क्षण.

४

या खुनाबरोबर मराठीत एक वाक्प्रचार रूढ झाला : ध चा मा करणे. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या आज्ञेत धरावे असा शब्द होता आणि आनंदीबाईंनी तो मारावे असा केला, ही ती आख्यायिका. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात ती दिली आहे. तो इतिहास लवकरच मराठीतही आला आणि बखरींतून व तोंडातोंडी चालत आलेल्या कथेला छापील पुस्तकाचे वजन प्राप्त झाले. फिरविलेला मूळ कागद पुराव्यादाखल पुढे आलेला नाही, आणि आनंदीबाईंवरील आरोप सिद्ध मानता येत नाही, याकडे नंतरच्या संशोधकांनी लक्ष वेधले आहे. आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न इतिहासाचा. ती नाट्यदृष्ट्या काय साधते, हा प्रश्न निराळा आणि तितकाच महत्त्वाचा आहे.

धरावे आणि मारावे या दोन शब्दांत पहिले अक्षर वगळता काहीच बदलत नाही. रा आणि वे ही दोन अक्षरे तशीच राहतात. दोन्ही क्रियापदे विध्यर्थी आहेत. अमक्यास धरावे या प्रकारच्या वाक्यात मराठी व्याकरणाप्रमाणे भावे प्रयोग होतो. ज्याला धरावयाचे त्याचा निर्देश होतो, पण कोणी धरावे हे सांगण्याची गरज नसते आणि हे कोणाच्या इच्छेने घडावयाचे, तेही वाक्यातून दिसत नाही. आज्ञार्थात समोरच्याला उद्देशून बोलावे लागते; विध्यर्थात तशी सक्ती नाही. आज्ञापत्रांच्या भाषेला हा प्रयोग सोयीचा असे. आख्यायिका केवळ क्रियापद सांगते, सबंध वाक्य देत नाही; तथापि त्या क्रियापदाची घडणच अशी आहे की, आज्ञा करणारा तीत लपू शकतो.

लोकस्मृतीने शोकनायकासाठी केलेली सोय हीच. धरावे असे म्हणणारा पुरुष अपराधी खरा, कारण गादीवर बसलेल्या पुतण्याला कैद करण्यास तो संमती देतो. परंतु तो खुनी नव्हे. त्याचा प्रमाद आणि त्या प्रमादाचे फळ यांच्यात एका अक्षराचे अंतर ठेवले आहे. अॅरिस्टॉटलचे लक्षण ज्यांनी कधी ऐकले नव्हते, त्या लोकांनी ते आपल्या पद्धतीने येथे पूर्ण केले. मात्र या सोयीची किंमत कोणी तरी मोजावयास हवी होती. ती आनंदीबाईंनी मोजली. नायकाच्या वाट्याचा दोष जितका हलका झाला, तितका त्यांच्या वाट्याचा जड झाला.

आता याच्या शेजारी दुसरा वाक्प्रचार ठेवून पाहावा : अटकेपार झेंडा रोवणे. तोही याच पुरुषाच्या आयुष्यातून निघाला. एकाच माणसाने भाषेला दोन वाक्प्रचार द्यावेत, एक कीर्तीचा आणि एक कलंकाचा, ही गोष्ट विरळा. परंतु या दोहोंचे पुढचे प्रवास भिन्न झाले. अटकेपार झेंडा रोवणे हा पराक्रम बोलताना मराठे आठवतात. रघुनाथरावांचे नाव सहसा कोणी घेत नाही. परीक्षेत पहिला आलेला मुलगा किंवा परदेशात नाव काढणारा गवई, कोणासाठीही तो वापरला जातो. ध चा मा म्हणताच मात्र पेशव्यांचा वाडा, नारायणराव, आनंदीबाई आणि राघोबा ही सारी मंडळी एकदम उभी राहतात. कीर्तीचा शब्द साऱ्या मराठी समाजाचा झाला. कलंकाचा शब्द त्या एका घराला चिकटून राहिला.

५

राघोबादादांना शोकनायक करू पाहणाऱ्या नाट्यकाराची अडचण या ठिकाणी स्पष्ट होते. त्याचा प्रेक्षक नाट्यगृहात शिरतो तो दुसरा वाक्प्रचार बरोबर घेऊन. पहिला त्याच्या जिभेवर असतो, पण त्याचा धनी कोण याचा विसर पडलेला असतो. शेक्सपिअरला मॅकबेथची उंची शून्यातून उभी करावी लागली. मराठी नाट्यकाराला उंची निर्माण करावयाची नाही; हरवलेली उंची तिच्या धन्याला परत द्यावयाची आहे, आणि तीही कलंकाचा शब्द उच्चारला जाण्यापूर्वी.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०९ मध्ये रंगभूमीवर आणले. खाडिलकरांचा पेशवाईशी परिचय जुना होता. ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ हे नाटक त्यांनी १८९३ मध्येच लिहिले होते. ते १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’ या दोन्हींचे संस्कार पेशव्यांच्या कथेवर केले. १८९७ च्या सुमारास ते ‘केसरी’त आले. त्या काळी टिळकांचे बिऱ्हाड आणि ‘केसरी’चे कार्यालय पुण्यातील विंचूरकर वाड्यात होते, १८९४ चा टिळकांचा सार्वजनिक गणेशोत्सवही याच वाड्यातला. दादासाहेबांचा पक्ष धरणाऱ्या सरदारांच्या वंशजांचा तो वाडा. त्यात वावरलेल्या लेखकाने पुढे दादासाहेबांवरच नाटक लिहावे, हा योगायोग होय. त्यावरून लेखकाच्या मताविषयी काही अनुमान काढणे योग्य होणार नाही. परंतु पेशवाई ही त्या पिढीला पुस्तकातली गोष्ट नव्हती, तिच्या भिंतींत ती पिढी राहत होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

नाटकाचे नावच परिचयाचे पहिले वाक्य आहे. भाऊबंद म्हणजे एका वंशातले वाटेकरी. पाटील शब्दापासून पाटीलकी, माणूस शब्दापासून माणुसकी, तशी भाऊबंदांपासून भाऊबंदकी. शब्दाच्या घडणीकडे पाहता त्याचा अर्थ भाऊबंदांचे परस्पर नाते एवढाच व्हावयास हवा. व्यवहारात मात्र तो शब्द वाटणीच्या भांडणालाच लागू झाला. नात्याच्या शब्दाचा अर्थ वैरात बदलावा, हा अर्थापकर्ष स्वतःच एका शोकनाट्याचा सारांश आहे. १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस दुभंगली होती आणि १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर ‘केसरी’ची धुरा खाडिलकरांकडे आली होती. त्यामुळे हे शीर्षक समकालीन राजकारणालाही लागू पडते, असा अर्थ समीक्षकांनी लावला आहे. रघुनाथरावांनी १७७५ मध्ये इंग्रजांशी तह केला तोही सुरतेसच.

खाडिलकरांनी घेतलेला कालखंड नारायणरावांच्या वधाभोवतीचा आहे. दिल्ली, लाहोर, अटक या गोष्टी पंधरा वर्षे मागे पडलेल्या. त्या रंगमंचावर घडविता येत नाहीत. केवळ उच्चारता येतात. म्हणजे दादांची उंची शब्दांनीच दाखविणे भाग होते. त्यांचे मन दोलायमान आहे. महत्त्वाकांक्षा आनंदीबाईंच्या ठिकाणी अधिक प्रखर आहे. आणि न्यायाचा आवाज रामशास्त्र्यांच्या रूपाने समोर उभा आहे. ‘मॅकबेथ’शी असलेले साम्य उघड आहे. पण एक मोठा भेदही आहे. मॅकबेथच्या राज्यात त्याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश नाही. त्याचा निवाडा फौजा आणि तलवारी करतात. मराठी नाटकात निवाडा शब्दाने होतो. ज्या घरात आज्ञेचा एक शब्द फिरविला गेला, त्याच घरात एक ब्राह्मण एक शब्दही न फिरविता शिक्षा सांगतो. रामशास्त्री हे केवळ न्यायाचे प्रतीक म्हणून आलेले नाहीत; शब्द जसाच्या तसा राखणारा माणूस म्हणून ते त्या एका अक्षराला उत्तर आहेत.

या रचनेमुळे एक गोष्ट घडली. रामशास्त्री जितके उंच झाले, तितके दादा खुजे दिसू लागले. प्रेक्षकाची सहानुभूती नायकाकडून न्यायाधीशाकडे सरकली. शोकनायकाचा परिचय करून देताना त्याच्या उंचीचे माप देण्यासाठी दुसरे पात्र उभे करणे ही मान्य पद्धत आहे. परंतु ते दुसरे पात्र नायकाहून उंच ठरले, तर नाटक शोकाकडून नीतीकडे वळते. ‘भाऊबंदकी’च्या लोकप्रियतेचे रहस्य या वळणात आहे आणि राघोबादादांविषयीच्या मराठी मताचे मूळही त्यातच आहे. १९०९ च्या प्रेक्षकाला परकी सत्तेपुढे ताठ उभा राहणारा न्यायनिष्ठ पुरुष हवा होता. त्याला तो मिळाला. खाडिलकरांचेच ‘कीचकवध’ १९१० मध्ये सरकारने बंद पाडले, यावरून त्या प्रेक्षकवर्गाची मनःस्थिती कळते. इंग्रजांच्या आश्रयास गेलेल्या पुरुषाबद्दल हळहळण्याची ती वेळ नव्हती.

६

आता विंचुराकडे पुन्हा वळून पाहिले, तर नावांचा क्रम बदलतो. पुण्याहून पाहणाऱ्याला प्रथम काका दिसतो, मग दादासाहेब, आणि क्वचित राघोभरारी. विंचूरकरांच्या पथकातील स्वारांना प्रथम भेटला तो दिल्लीच्या वेशीपाशीचा सेनापती. त्यांच्या लेखी भरारी आधी, दादासाहेब नंतर, आणि काका सर्वांत शेवटी. हाच कालानुक्रम आहे, आणि शोकनाट्याचा क्रमही हाच असावयास हवा. १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले आणि या क्रमाने रघुनाथरावांकडे पाहण्याची सामग्री अभ्यासकांच्या हाती आली. ‘भाऊबंदकी’ लिहिले गेले तेव्हा ती उपलब्ध नव्हती. त्यामुळे खाडिलकरांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या प्रेक्षकांच्या स्मृतीत जो क्रम होता, तो त्यांना सांभाळावा लागला.

यात प्रश्न केवळ एका नाटकाच्या रचनेचा नाही. ऐतिहासिक नाटकातील परिचय हा अनेकदा इतिहासाचा निकाल ठरतो. नाट्यगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक पुढे कागद वाचावयास जात नाही. त्याला भेटलेले पात्र हेच त्याच्या लेखी ऐतिहासिक पुरुष. आनंदीबाईंवर पुराव्यावाचून बसलेला डाग इतका पक्का झाला, त्यात रंगभूमीचा वाटा लहान नाही. नायकाचा दोष हलका करण्यासाठी लोकस्मृतीने जे अक्षर फिरविले, ते अक्षर नाटकाने त्यांच्या हातात दिले; आणि पुढील पिढ्यांनी ते हस्ताक्षर त्यांचेच म्हणून ओळखले.

रघुनाथरावांच्या आयुष्याचा उत्तरार्ध तर कोणत्याच नाटकात मावणारा नाही. १७७४ मध्ये बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध कारस्थान उभारले. त्यानंतर गुजरात, सुरत, मुंबई अशी वणवण झाली. १७७९ मध्ये वडगावास इंग्रजांचा पराभव झाला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा पेशवेपदावरील हक्क संपला. तहानंतर एका पेन्शनीवर ते कोपरगावास येऊन राहिले आणि वर्षभरात वारले. दिल्लीपासून लाहोरापर्यंत दौडलेल्या पुरुषाच्या अखेरच्या दिवसांत त्याच्यासमोर गोदावरीचे पात्र होते आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला आनंदवल्लीचा रिकामा वाडा होता. येथे खून नाही, निवाडा नाही, रंगमंचावर दाखविण्याजोगा शेवट नाही. शोकनाट्य तलवारीने संपते. हे आयुष्य तहाच्या कलमाने संपले.

विंचुराहून कोपरगाव पन्नास किलोमीटरांच्या आत आहे. जुन्या जहागिरीच्या या गावातून तिकडे पाहताना राघोबादादांचा जो परिचय होतो, तो वाड्याच्या अंगणातील त्या एका दुपारपासून सुरू होत नाही. तो १७५७ पासून सुरू होतो आणि भरारी या शब्दापासून पुढे सरकतो. या क्रमाने त्यांचा परिचय करून देणारा नाट्यकार मराठी शोकनाट्याला पूर्ण उंचीचा नायक देऊ शकेल. आणि त्याबरोबरच अटकेपार या शब्दाला त्याचा विसरलेला धनी परत मिळेल.